तडा कुठे गेला?



समजा, तुम्ही वसईला राहता. सकाळच्या गर्दीत वसई रोड स्थानकाच्या पुलावर ताईच्या हातून फोन निसटला आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. नशिबाने फोन चालू राहिला. रात्री ताईने त्याच फोनवर नकाशा उघडला. भूगोलाच्या प्रकल्पासाठी अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंतचा किनारा तिने बोटाने सरकवत दाखवला आणि पडद्यावर जे जे दिसत होते त्याचे फोनमध्येच चित्रमुद्रण केले. यालाच सगळेजण स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतात. ते चित्रमुद्रण तिने आईच्या फोनवर पाठवले. तुम्ही पाहता तो काय, चित्रात तडा कुठेच नाही! ताईचे बोटही नाही. शिवाय घरातली मंडळी झोपली होती म्हणून तिने पडद्याचा उजेड अगदी मंद ठेवला होता, तरी चित्र मात्र लख्ख!

मग तडा गेला कुठे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपल्याला फोनच्या पोटात बरेच खोल जावे लागणार आहे. आणि परत येताना आपण एक अशी गोष्ट घेऊन येऊ, की जी घरच्या वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी वाचवू शकेल. चला तर!

पडदा म्हणजे आकड्यांचा तक्ता

फोनच्या पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब पडला तर त्यातून पाहा. लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसतील. हे तीन रंग मिळून एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल होतो. पुष्कळ फोनांच्या पडद्यावर आडवे १०८० आणि उभे २४०० चित्रबिंदू असतात. गुणाकार करा: २५ लाख ९२ हजार.

प्रत्येक चित्रबिंदूसाठी फोन तीन आकडे ठेवतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. अशा रीतीने २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंगछटा मिळतात. म्हणजे तुम्हाला दिसणारा नकाशा फोनच्या दृष्टीने एक भला मोठा आकड्यांचा तक्ताच आहे. काच, तिच्यामागचा उजेड, काचेवरचे बोट या साऱ्या गोष्टी त्या तक्त्याच्या बाहेरच्या. चित्रमुद्रण होते ते आकड्यांचे. काचेकडे ते पाहतच नाही. तडा काचेला गेला, आकड्यांना नाही!

हाच पडदा दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपला असता तर तडा, बोट, दिव्याचे प्रतिबिंब, सगळे आले असते. कारण कॅमेरा उजेड टिपतो.

एका चित्राच्या दोन प्रती

पडद्यावरचे चित्र एकसंध दिसते, पण ते तसे नसते. वर घड्याळ आणि बॅटरीची पट्टी, मध्ये नकाशा, खाली कळफलक, असे वेगवेगळे थर असतात. काचेवर रंगवलेली तीन-चार चित्रे एकावर एक ठेवावीत, तसे हे थर एकत्र जुळवण्याचे काम फोनच्या प्रणालीतील एक भाग करतो. आपण त्याला ‘जुळारी’ म्हणू. जुळाऱ्याने तयार केलेला तक्ता खऱ्या पडद्याकडे जातो.

चित्रमुद्रण सुरू केले की फोन आणखी एक पडदा मांडतो. हा पडदा कल्पित असतो. त्याला ना काच, ना दिवा. जुळारी आता दोन प्रती काढतो: एक खऱ्या पडद्यासाठी, दुसरी कल्पित पडद्यासाठी. ही दुसरी प्रत साठवली की झाले चित्रमुद्रण. अँड्रॉइड प्रणालीत २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ॲपना ही दुसरी प्रत मागण्याची सोय मिळाली, पण फोनच्या मालकाची परवानगी घेऊनच. आयफोनमध्ये २०१७ साली आणि अँड्रॉइडच्या २०२० सालच्या अकराव्या आवृत्तीत चित्रमुद्रणाची सोय प्रणालीतच आली.

‘दुसरी प्रत’ हे शब्द लक्षात ठेवा. शेवटी ते फार महत्त्वाचे ठरणार आहेत.

आकड्यांचा पूर

आता थोडा हिशेब करू. एका चित्रात २५,९२,००० चित्रबिंदू, प्रत्येकाचे तीन आकडे, आणि एका आकड्याला एक बाइट जागा. म्हणजे एका चित्राला ७७,७६,००० बाइट. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला ३० चित्रे घेतली, तर सेकंदाला २३,३२,८०,००० बाइट. मिनिटाला सुमारे १४०० कोटी, म्हणजेच १४ गिगाबाइट!

१२८ गिगाबाइटचा अगदी कोरा फोन घेतला तरी तो नऊ मिनिटांत भरून जाईल. विरारहून सुटलेली लोकल वसई रोडच्या आसपास पोचते न पोचते तोच फोन म्हणेल, “जागा संपली.” प्रत्यक्षात तर ताईचे मिनिटभराचे चित्रमुद्रण ६० मेगाबाइटच्या आसपास भरते. १४ गिगाबाइट कुठे आणि ६० मेगाबाइट कुठे! सुमारे २३० पट फरक. एवढे आकडे गेले कुठे?

आलेखाच्या कागदावरचा खेळ

एक खेळ खेळा म्हणजे कळेल. आलेखाच्या कागदावर १० × १० घरांचा चौकोन आखा आणि काही घरे काळी करून होडीचे चित्र काढा. मित्र खाडीपलीकडे भाईंदरला आहे असे समजा. त्याला फोनवर सांगून तेच चित्र काढून घ्यायचे आहे. एकेक घर सांगत बसलात तर शंभर वेळा “काळे, पांढरे” म्हणावे लागेल. त्याऐवजी “पहिली ओळ: दहाही पांढरी. दुसरी ओळ: चार पांढरी, एक काळे, पाच पांढरी” असे सांगा. किती लवकर काम होते पाहा!

आता होडीच्या शिडावरचे एकच घर बदला. मित्राला पुन्हा सारे चित्र सांगाल का? छे! “तिसऱ्या ओळीतले सहावे घर काळे कर, बाकी तसेच,” एवढेच सांगाल. फोनही हेच करतो. आधी एक पूर्ण चित्र, मग पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले ते. मध्येच काही चुकले किंवा कोणी मधूनच पाहायला लागले तर गोंधळ नको, म्हणून अधूनमधून पुन्हा एक पूर्ण चित्र साठवतो.

पण ताईने नकाशा सरकवला तेव्हा तर प्रत्येकच चित्रबिंदू बदलला. तिथे काय करायचे? विरारला लोकलच्या डब्यात बसलेली माणसे आठवा. गाडी नालासोपाऱ्याला आली. डब्यात बसलेले तेच, त्यांच्या जागा त्याच. मग प्रत्येक प्रवासी आता कुठे आहे हे वेगवेगळे सांगायला नको. ‘डबा एक स्थानक पुढे गेला’ म्हटले की पुरे. फोन चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि ‘हा चौकोन मागच्या चित्रात बारा बिंदू खाली होता’ एवढेच लिहून ठेवतो. नवीन माहिती लागते ती फक्त काठावर नव्याने दिसू लागलेल्या भागाची.

सुकेळी आणि नासिर अहमद

इथवर आपण काही गमावले नाही, फक्त सांगण्याची रीत बदलली. आता मात्र थोडे गमवायचे आहे.

वसई-विरारकडची, विशेषतः आगाशीची सुकेळी तुम्ही खाल्ली असतील. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. पाणी उडून जाते, केळे आक्रसते, हलके होते, गोडी मात्र राहते. पण सुकेळ्याचे पुन्हा ताजे केळे करता येईल का? नाही. जे गेले ते गेले. चित्रातूनही असेच ‘पाणी’ काढून टाकता येते. अट एवढीच, की गोडी राहिली पाहिजे. डोळ्याला ज्याची फारशी उणीव भासणार नाही, तेच काढायचे.

ते ओळखायचे कसे? याचे एक सुंदर उत्तर देणारे नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरला झाला. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी काम पुरे केले आणि जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला.

कल्पना अशी: चित्राचा एक लहान चौकोन घ्या. तो काही ठरावीक नक्ष्यांची बेरीज करून मांडता येतो. काही नक्ष्या संथ, म्हणजे एका बाजूला उजळ आणि हळूहळू दुसऱ्या बाजूला गडद. काही अगदी बारीक, जणू चाळणीच. निसर्गातल्या बहुतेक चित्रांत संथ नक्ष्यांचा वाटा मोठा आणि बारीक नक्ष्यांचा अगदी थोडा असतो. डोळाही बारीक नक्ष्यांतली चूक सहज खपवून घेतो. मग तो थोडा वाटा सोडून द्यायचा! छायाचित्रांच्या जेपेग पद्धतीत हेच गणित आहे. पुष्कळ फोनांमध्ये चित्रमुद्रणासाठी २००३ साली ठरलेली एच.२६४ ही पद्धत वापरतात, तिच्यातही याच गणिताचे सोपे, पूर्णांकी रूप आहे. ज्याला अनुदान नाकारले गेले ते गणित आज कोट्यवधी खिशांत चालू आहे.

सुकेळ्यात मात्र एक मेख आहे. समुद्र, आकाश, चेहरे यांत कडा मऊ असतात. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि तीक्ष्ण कडेला बारीक नक्ष्या लागतातच. म्हणून चित्रमुद्रण फार आक्रसले की सर्वांत आधी मजकूर पुसट होतो. मराठीत तर एका बिंदूने अर्थ बदलतो. ‘मंद’वरचा अनुस्वार विरघळला तर ‘मद’ उरेल! धड्याचे चित्रमुद्रण करताना अक्षर मोठे करून घ्या, ते यासाठी.

करून पाहा

घरच्या मोठ्यांना विचारून त्यांच्या फोनवर तीन चित्रमुद्रणे करा, प्रत्येक बरोबर एक मिनिटाचे:

१. पुस्तकाचे एक पान, अजिबात न हलवता.
२. तेच पान हळूहळू वर सरकवत.
३. धावत्या गाडीच्या खिडकीतून घेतलेले चलच्चित्र पडद्यावर चालू ठेवून.

तिन्हींचा आकार किती मेगाबाइट भरला ते वहीत तक्ता करून लिहा. आधी अंदाज लिहा, मग मोजा. वेगवेगळ्या फोनांवर आकडे वेगवेगळे येतील, म्हणून मित्रांचे तक्तेही ताडून पाहा. प्रयोगापूर्वी संदेश येणे बंद ठेवा, नाहीतर कोणाचा तरी खासगी निरोप तुमच्या प्रयोगात येऊन बसेल. आणि व्हिडिओ कॉलवर कोणाशी बोलत असताना त्याला न विचारता चित्रमुद्रण कधीही करू नका.

दुसरी प्रत कुणाकडे?

आता त्या लक्षात ठेवलेल्या शब्दांकडे वळू. जुळाऱ्याने काढलेली दुसरी प्रत फोनमध्येच साठवली पाहिजे असे नाही. ती इंटरनेटवरून दुसऱ्या माणसाकडेही पाठवता येते. दूरच्या शिक्षकाला अडलेले गणित दाखवताना आपण हेच करतो.

पण समजा, आगाशीच्या आजोबांना फोन येतो: “वीजबिल थकले आहे, आज रात्री वीज तोडणार. तोडू नये असे वाटत असेल तर मी सांगतो ते ॲप घ्या आणि ‘सुरू करा’ दाबा.” आजोबा घाबरून दाबतात. त्या क्षणापासून त्यांच्या पडद्याची दुसरी प्रत त्या ठगाला दिसू लागते. आजोबांनी त्याला एकही आकडा सांगितला नाही तरी बँकेकडून आलेला ओटीपी तो स्वतःच वाचतो! अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

याच्यावर फोनमध्ये काही उपाय आहे का? आहे, पण अर्धा. ॲप आपल्या थरावर ‘हा थर दुसऱ्या प्रतीत घेऊ नये’ अशी खूण करू शकते. मग जुळारी त्या जागी काळी चौकट ठेवतो. बँकेच्या ॲपचे चित्रमुद्रण पुष्कळदा काळे येते ते यामुळे. फोन बिघडलेला नसतो! पण बँकेच्या थराला कुलूप असले तरी संदेशाच्या थराला ते असेलच असे नाही. ओटीपी तर तिथेच येतो.

खरे कुलूप म्हणजे परवानगीची ती चौकट. ‘पडद्यावरचे सारे दिसू लागेल’ असे फोन दरवेळी विचारतो. घाईत आपण न वाचता होकार देतो, इतकेच. म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. आजी-आजोबांना जवळ बसवा, त्यांच्यासमोर एक चित्रमुद्रण करून दाखवा आणि परवानगीची ती चौकट मोठ्याने वाचून दाखवा. चित्रमुद्रण चालू असताना दिसणारी वरच्या पट्टीतली खूणही दाखवा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून होकार द्यायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर न लाजता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवायचे, हे त्यांच्या फोनजवळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तडकलेली काच बाजारात बदलून मिळते. गेलेली पुंजी परत मिळेलच असे नाही.

विचार करा

१. सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रे घेतली, तर न आक्रसलेले चित्रमुद्रण मिनिटाला किती जागा घेईल?
२. पडद्यावर पावसाचे चलच्चित्र चालू आहे. इथे ‘लोकलच्या डब्याची’ युक्ती फारशी का चालणार नाही?
३. ताईला शाळेत तडाच दाखवायचा असेल तर तिने काय करावे?