पायथन : मराठी शब्दांची मोजणी

गिडो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली पायथन ही संगणकभाषा नवशिक्यांना सुलभ वाटते. तिच्यात अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराला 'स्ट्रिंग' म्हणतात. स्ट्रिंगची लांबी 'लेन' हे फंक्शन सांगते.

'मराठी' हा शब्द 'लेन'ला दिल्यास उत्तर ५ येते. आपण तर अक्षरे ३ मोजतो. असे का होते? पायथन युनिकोडमधील चिन्हे मोजते : म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. या शब्दाच्या मात्राही ५ भरतात. परंतु तो केवळ योगायोग होय. 'क्षमा' या शब्दात अक्षरे २ व मात्रा ३ आहेत, तरी 'लेन' ५ हेच उत्तर देते. कारण क, हलन्त चिन्ह, ष, म आणि काना ही पाच चिन्हे होत.

म्हणून केवळ 'लेन'वर विसंबून वृत्ताचा अभ्यास केल्यास निष्कर्ष चुकतील. काय मोजायचे, हे अभ्यासकाने आधी निश्चित करावे. मगच प्रोग्राम लिहावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न : 'विद्या' या शब्दाची अक्षरे, मात्रा आणि 'लेन'चे उत्तर सांगा.
उत्तर : अनुक्रमे २, ४ आणि ६. (जोडाक्षरापूर्वीचा 'वि' गुरू धरावा.)