पैसा कोणाचा, हे आधी विचारा

एप्रिल २०२०. कोविडच्या धक्क्यानं शेअर बाजार कोसळला होता. तेव्हा बातमी आली की मुंबईच्या एचडीएफसीत चीनच्या मध्यवर्ती बँकेचा हिस्सा ०.८ वरून १.०१ टक्क्यांवर गेला आहे. हिस्सा लहान, पण हिस्सेदार एक परकी सरकार! त्याच महिन्याच्या १७ तारखेला केंद्रानं प्रेस नोट ३ काढली. भारताच्या जमिनीच्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारची परवानगी लागेल, असं तिनं ठरवलं. परदेशी भांडवल शोधणाऱ्या प्रत्येक संस्थापकानं हे नीट समजून घ्यायला हवं.

काय करावे

- टर्मशीटवर सही करण्याआधी मालकीचा तक्ता मागा आणि शेवटच्या नावापर्यंत वाचा. समजा, फंड सिंगापूरचा आहे. त्यात पैसे घालणारा फंड केमन बेटांवरचा, आणि त्याच्यामागे चीनमधल्या एखाद्या प्रांतिक सरकारची गुंतवणूक कंपनी. कायदा दारात उभा असलेला फंड पाहून थांबत नाही, खरा लाभधारक कोण ते विचारतो. तक्त्यात ‘इतर भागीदार’ एवढंच लिहून पुढे टक्के टाकले असतील, तर तिथेच थांबा आणि नावं मागा.
- फंडाची मालकी बदलली तर लगेच कळवायची अट करारात घाला. पुढे शेअर हस्तांतरणातून लाभाची मालकी सीमेवरच्या त्या देशांतल्या कोणाकडे गेली, तरी परवानगी लागू शकते.
- संचालक त्यांपैकी एखाद्या देशाचा नागरिक असेल तर नेमणुकीआधी गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी घ्या. जून २०२२ पासून ती सक्तीची झाली.
- नियम बदलत असतात. प्रत्येक फेरीच्या वेळी नियमांचा आजचा मजकूर कंपनी सेक्रेटरीकडून (सीएस) तपासून घ्या.

काय टाळावे

- ‘हिस्सा तर दोनच टक्के आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. मूळ प्रेस नोटमध्ये किमान टक्केवारी दिलेलीच नव्हती.
- केवळ शेअर मोजत बसू नका. मंडळावरची खुर्ची, नकाराधिकार, ग्राहकांच्या माहितीचा पासवर्ड यांतूनही सत्ता हातची जाते, आणि मला सर्वांत मोठा धोका इथेच दिसतो. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचं कलम ७ तिथल्या संस्थांना आणि नागरिकांना गुप्तवार्तेच्या कामात साहाय्य करायला सांगतं. म्हणजे समोरचा उद्योजक कितीही सज्जन असला, तरी त्याला सरकारला नाही म्हणणं अवघड. तुमच्याकडे लोकांचे आजारपणाचे तपशील किंवा फोनचे ठिकाण साठत असेल, तर गुंतवणूकदाराला ते पाहायची मुभा देऊच नका.
- माणसावर संशय घेऊ नका. सीमेवरच्या या देशांच्या यादीत चीन आणि पाकिस्तानसोबत नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, अफगाणिस्तानही आहेत. प्रश्न कागदाचा आहे, तो आदरानं विचारा.
- पैसे दुसऱ्याच्या नावावर फिरवून आणू नका. ‘सगळे असंच करतात’ असं सांगणारा सल्लागार लगेच बदला.
- परवानगीआधी रक्कम खात्यात घेऊ नका. फेमाचा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा, भंग झाला तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मंजुरीला महिने लागू शकतात, म्हणून पुढच्या दोन तिमाहींचे पगार त्या पैशांवर धरू नका. त्यांची सोय आधीच दुसरीकडून लावा.