वातशीतित एंजिनाच्या प्रज्वलन-तारा : निवड कशी करावी?

जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात फर्डिनांड पोर्श यांनी आखलेली फोक्सवॅगन ‘बीटल’ ही मोटारगाडी पुढे जगभर पसरली. मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून २००३ साली तिची शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर एकूण संख्या २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेली होती. यांपैकी अनेक जुन्या गाड्या हौशी मंडळी अद्याप चालत्या ठेवतात. त्यांच्या एंजिनाच्या प्रज्वलन-तारा कालांतराने बदलाव्या लागतात. हे काम वरवर क्षुल्लक वाटते; परंतु निवड चुकल्यास एंजिनाचीच हानी होऊ शकते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी या तारेकडे असलेली तीन कामे पाहू.

पहिले काम विद्युत् दाब वाहून नेण्याचे. बॅटरीचा दाब ६ किंवा १२ व्होल्ट असतो. प्रज्वलन-वेटोळ्यात तो वाढून १५ ते २० हजार व्होल्टांपर्यंत जाऊ शकतो. तेथून एक तार वितरकाकडे जाते आणि वितरकापासून चार तारा चार सिलिंडरांच्या स्पार्क प्लगांकडे जातात. ठिणगीचा प्रवाह मात्र अँपिअरच्या काही शतांशांएवढाच असतो. म्हणून आतील धातू जाड असण्याने काही लाभ होत नाही. महत्त्व आहे ते बाहेरील निरोधक आवरणाला. उष्णतेने व तेलाने हे आवरण तडकले, की दमट हवेत वीज प्लगापर्यंत न पोहोचता वाटेतच जवळच्या धातूवर उडी घेते. अंधारात एंजिन चालू ठेवून दुरून पाहिल्यास अशा तारेवर निळसर ठिणग्या दिसतात. सिलिकोन रबराचे आवरण सुमारे २०० अंश सेल्सियस उष्णता सोसते; मात्र पत्र्याच्या धारेवर घासल्यास ते चटकन फाटते.

दुसरे काम रेडिओतील खरखर रोखण्याचे. हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८७ च्या सुमारास ठिणगीच्याच साहाय्याने विद्युत्-चुंबकीय तरंग निर्माण केले होते. मोटारीतील प्रत्येक ठिणगीही असेच तरंग सोडते. तारेच्या मार्गात काही हजार ओहमांचा रोध ठेवला, की ही आंदोलने मंदावतात. त्याचे प्रकार दोन. एकात तारेचा गाभाच कार्बनयुक्त असतो. दुसऱ्यात गाभा तांब्याचा असून रोध टोकाच्या टोपणात बसविलेला असतो. बीटलच्या मूळ तारा दुसऱ्या प्रकारच्या होत. कार्बनचा गाभा ओढाताणीने आतल्या आत तुटतो. तांब्याचा गाभा अधिक टिकतो, आणि टोपण बिघडल्यास तेवढेच बदलता येते.

रोधामुळे ठिणगी दुबळी होणार नाही काय, अशी शंका वाचकाला येईल. ठिणगी उडेपर्यंत तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. त्यामुळे तोवर रोधात दाब फारसा खर्ची पडत नाही. ठिणगी उडाल्यावर थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. समजा, रोध ५,००० ओहम व प्रवाह ०·०४ अँपिअर आहे. तर ओहमच्या नियमानुसार रोधात २०० व्होल्ट दाब खर्च होतो. एवढे सोसते. परंतु रोधयुक्त तार, रोधयुक्त टोपण आणि रोधयुक्त प्लग ही सर्व एकाच मार्गात जोडल्यास खर्च वाढत जातो. म्हणून एकूण रोधाचा हिशेब करूनच खरेदी करावी.

तिसरे काम वातशीतित एंजिनाचे वैशिष्ट्य होय, आणि त्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते. या एंजिनात पाणी नसते. पंख्याने रेटलेली हवा पत्र्यांच्या वेष्टनातून सिलिंडरांवरून वाहते. स्पार्क प्लगाशी पोहोचण्यासाठी या पत्र्यांना भोके ठेवावी लागतात, आणि ती भोके बुजविण्यासाठी प्लगाच्या टोपणावर रुंद रबरी चकती असते. चकती नसलेल्या तारा बसविल्या, तरी ठिणगी उत्तम पडेल, गाडीही धावेल; मात्र थंड करणारी हवा भोकांवाटे निसटेल आणि सिलिंडर हळूहळू अधिक तापतील. जुन्या रचनेत तेल थंड करणारे उपकरण हवेच्याच मार्गात असल्यामुळे तिसऱ्या सिलिंडराला आधीच तापलेली हवा मिळते. तेथे हा तोटा विशेष जाणवतो. दोष तारेचा, पण शिक्षा एंजिनाला, असा हा प्रकार आहे.

खरेदीपूर्वी जुन्या तारांची लांबी मोजावी. जुन्या तारा एकेक करून काढाव्या व तिच्या जागी लगेच नवी बसवावी, म्हणजे १-४-३-२ हा प्रज्वलनक्रम बिघडत नाही. १ व २, तसेच ३ व ४ या सिलिंडरांच्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नयेत; कारण ती लागोपाठ पेटतात, आणि एका तारेतील दाबाचा परिणाम शेजारच्या तारेवर होऊ शकतो. हे काम एंजिन बंद व थंड असतानाच करावे. बसविण्यापूर्वी प्रत्येक तार ओहममापकाने तपासावी. रोध अमर्याद दिसल्यास ती तुटलेली समजावी.

सारांश, उत्तम आवरण, योग्य रोध आणि घट्ट बसणारी रबरी चकती या तीन गोष्टी पाहाव्या. तारेचा रंग आणि जाडी यांचा विचार त्यानंतर करावा.