गाव दिसतं, वाट दिसत नाही

रतनवाडीहून निघायचं, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरायचं, मुळेच्या खोऱ्यातून पाचनई गाठायची आणि तिथून हरिश्चंद्रगडावर चढायचं. अकोले तालुक्यातल्या या भटकंतीला डोंगरवेडे नुसतं ‘रतनगड ते हरिश्चंद्रगड’ म्हणतात. सह्याद्रीत दोन-तीन दिवस पाठीवर बोचकं घेऊन सलग चालायची हौस असेल, तर मी अजूनही हीच वाट सुचवते. सुरुवातीला अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, मागे भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग. पुढे खिंडीपर्यंत दाट रान, पश्चिमेला आजोबाचा अजस्र डोंगर आणि शेवटी कोकणकडा, जिथे जमीन एकदम संपते.

महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक कळसूबाई, ते १६४६ मीटर. हिमालयातून फिरून आलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येतं. तिकडे जाणारा माणूस महिनाभर आधीपासून पळायला लागतो, डॉक्टरांचा दाखला काढतो, तीनदा सामान तपासतो. इकडे येताना तोच माणूस शुक्रवारी रात्री कपडे कोंबतो आणि कसाऱ्याची गाडी पकडतो. डोंगर घराजवळ आहे, वरून खालची गावं दिसतात, त्यांचे दिवे दिसतात. मग हरवणार कसं?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे होतो तेव्हा आमच्यातले दोघं तरणे गडी हाच प्रश्न विचारत होते. एकाने उत्तराखंडात बर्फातले ट्रेक केलेले, दुसरा रोज व्यायामशाळेत घाम गाळणारा. रतनगड चढून, नेढ्यात बसून वारा खाऊन खाली फाट्यावर येईपर्यंत बरीच दुपार झाली होती आणि खिंडीत पोचलो तेव्हा ऊन फक्त माथ्यांवर उरलं होतं. बरोबर रतनवाडीचे एक वाटाडे होते, साठी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. मागे कुणाच्या तरी बुटाचा तळ सुटला होता आणि मामा तो सुतळीने आवळून बांधत बसले होते. तेवढ्यात ‘आम्ही होतो पुढे’ म्हणून हे दोघं उतरायला लागले.

खिंडीखालचा उतार कारवीने भरलेला. ऑक्टोबर संपताना ती डोक्याच्या वर असते, आणि पावसाळाभर चरलेल्या गुरांच्या वाटा तिच्यातून हव्या तशा फुटलेल्या असतात. असली ढोरवाट माणसाच्या वाटेपेक्षाही मळलेली दिसते. गुरं चाऱ्याकडे जातात, पाण्याकडे जातात; त्यांना गावात मुक्काम गाठायचा आहे असं आपण उगाच गृहीत धरतो. अशाच एका वाटेने ते दोघं ओढ्यात पोचले.

ओढा फार सोयीचा वाटला, असं त्यांनी नंतर सांगितलं. कारवी नाही, काटे नाहीत, मोठमोठे धोंडे आणि समोर सरळ रेषेत कुमशेतचे दिवे. पहिली उतरण कमरेएवढी होती. दुसरी छातीएवढी. तिसऱ्या जागी पुरुषभर उंचीचा शेवाळलेला कातळ आडवा आला, तेव्हा त्यांनी पाठपिशव्या खाली टाकल्या आणि पाठोपाठ उड्या मारल्या. एकाचा घोटा मुरगळला. पुढे थोड्याच अंतरावर ओढा हवेत संपत होता. पावसाळ्यात जिथे धबधबा कोसळतो तिथे आता नुसती ओलसर भिंत होती. खाली दगड टाकला तर आवाज यायला वेळ लागला. परत फिरावं तर उडी मारलेला कातळ गुळगुळीत, बोट रुतवायलाही खाच नाही.

आम्हाला शिट्टी ऐकू आली तेव्हा अंधार पडला होता. ओढ्याच्या काठावर उभं राहिलं की त्यांचे आवाज अगदी हाताशी वाटत. मी विजेरी घेऊन खाली वळले, तशी मामांनी माझी पिशवी मागून धरली.

“ताई, ओढ्यानं पाणी जातं, माणूस जात नाही. दोन अडकल्यात. तिसरं नको.”

मग त्यांनी पटापट सगळं लावून दिलं. मी आणि आणखी एक जण ओढ्याच्या माथ्यावर बसून राहायचं, बाकीच्यांना ते वाटेने कुमशेतला पोचवणार. खालच्या दोघांना त्यांनी ओरडून सांगितलं: धारेपासून लांब, आतल्या भिंतीला टेका, डोक्यावर सुटे दगड आहेत का ते बघा, असतील नसतील ते सगळे कपडे चढवा, पिशव्या बुडाखाली घ्या, आणि काही झालं तरी हलू नका. आम्हाला एकच काम दिलं, त्यांना झोपू द्यायचं नाही. ते मात्र सोपं नव्हतं. घामाने भिजलेले सदरे अंगावरच गार पडलेले आणि ओढ्यातून खाली सरकणारी हवा बोचरी. आम्ही वरून क्रिकेटच्या संघांची नावं विचारत होतो, शाळेतले पाढे म्हणायला लावत होतो. पहाटेपर्यंत माझा आवाज बसला.

उजाडायच्या आत मामा गावातल्या चार पोरांना घेऊन आले. एकाच्या खांद्यावर खाचा पाडलेला लांब ओंडका होता. तो त्यांनी त्या कातळाला टेकवला, एक जण खाली उतरला आणि दोघांना धरून वर काढलं. सगळा उद्योग अर्ध्या तासात संपला. रात्रभर माणसं अडकली होती ती त्या प्रचंड कड्यामुळे नाही, सात फुटांच्या एका उडीमुळे, आणि तिच्यावर उत्तर निघालं एक ओंडका.

हे असं का होतं, ते सह्याद्रीच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार झाले, त्यांच्यावर माती साचली, रान वाढलं. त्यांनाच आपण पदर किंवा माची म्हणतो. कठीण थर सरळ तुटले, ते कडे. म्हणजे डोंगर वरून खालपर्यंत उतार-कडा-उतार-कडा असा आहे. खालून पाहिलं तर हे सगळं स्वच्छ दिसतं. वरून मात्र फक्त उतार दिसतात. जवळच्या उताराची कड आणि खालच्या उताराचं रान डोळा एकमेकांना जोडून टाकतो आणि मधला कडा नजरेतून गळून पडतो. दिवे दिसत असतील तर फसवणूक पक्कीच, कारण दिव्यापर्यंत सरळ रेष ओढायचा मोह आवरत नाही.

‘हरवलात तर पाण्याच्या प्रवाहाबरोबर खाली जा, वस्ती लागेल’ हा सल्ला पुस्तकांतून, दूरदर्शनवरच्या साहसपटांतून सर्रास ऐकू येतो. जिथे डोंगर हळूहळू उतरतो तिथे तो बरोबर असेलही. इथे ओढा प्रत्येक कठीण थरावरून उडी घेतो, म्हणजे ओढ्याचा मार्ग हा धबधब्यांचा मार्ग. त्यातून तो पश्चिमेला, कोकणाच्या अंगाला वाहणारा असेल तर विचारायलाच नको. यावर कुणी म्हणेल, मग बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर येणारी नळीची वाट? तीही घळच की! बरोबर आहे. पण त्या घळीत कुठे डावीकडून सुटायचं, कोणता कातळ कुठून चढायचा हे आधीच्या माणसांनी शोधून ठेवलं आहे, आणि तरीही जाणती मंडळी दोर घेतल्याशिवाय तिकडे फिरकत नाहीत. सगळ्या घळी नळीच्या वाटा नसतात.

मोबाइलवरच्या नकाशाचं काय, हे हल्ली पहिल्यांदा विचारलं जातं. नकाशा घ्याच. रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते तो सांगतो आणि वाट सुटली आहे हेही लवकर कळतं. पण सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढतात. पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज हरवू शकतो, आणि पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. दुसरं, कुणीतरी मे महिन्यात चालून जतन केलेली रेघ ऑक्टोबरच्या कारवीत अर्धीमुर्धीच जुळते. रेघेच्या दहा पावलं डावीकडे असणं रस्त्यावर चालतं, धारेवर चालत नाही.

तेव्हा मी आता नवख्यांना एक साधा नियम सांगते: जी पायरी परत चढता येणार नाही, ती उतरायची नाही. उडी मारायची वेळ आली, पिशवी आधी खाली टाकावी लागली, बसून घसरावं लागलं, की थांबा. मळलेली वाट अशी मागणी क्वचितच करते. जिथे करते तिथे शिडी, खोबणी किंवा निदान झिजलेला कातळ असतो. रतनगडाच्या शिड्या पाहा. वाटेच्या खुणा दिसेनाशा झाल्या तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जा, मग त्यासाठी अर्धा तास चढावं लागलं तरी चालेल. दमलेल्या पायांना हा सल्ला अजिबात आवडत नाही, म्हणून तो पाय ताजे असतानाच सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवावा.

अंधार पडलाच, तर जिथे सपाटी आहे तिथेच बसा. मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. विजेरीनेही हेच करता येतं. मदतीची ही खूण जगभर चालते. फोनला रेंज धारेवर किंवा खिंडीत मिळण्याची शक्यता जास्त, ओढ्यात जवळजवळ नाहीच. म्हणून ११२ ला फोन करायचा तो खाली उतरण्याआधी. शोधायला येणारी मंडळी बहुतेक वेळा गावकरी आणि विनामोबदला काम करणारे गिर्यारोहक असतात. त्यांना पोचायला काही तास लागतात, कधी रात्र जाते. तेवढा वेळ तग धरता यावा इतकं प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत हवं: कोरडा सदरा, वारा अडवणारं काहीतरी, विजेरी, शिट्टी, गूळ-शेंगदाणे, पाणी. ‘विजेरी त्याच्याकडे आहे’ हे वाक्य मी आमच्या गटात बंद करून टाकलं आहे.

पाण्याबद्दल एवढंच, की या भागात पाऊस धो धो पडतो आणि कातळावरून तितक्याच वेगाने निघून जातो. दिवाळीत खळखळणारे ओढे फेब्रुवारीत कोरडे ठणठणीत असतात. हिवाळ्याच्या शेवटी जाणार असाल तर तीन लिटर पाठीवर घेतल्याशिवाय गाव सोडू नका. सापाबद्दलही थोडक्यात. फुरसं दगडाखाली असतं, चापडा हिरव्या पानांत हिरवा होऊन बसतो; न बघता हात टाकू नये. भारतात मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, चापड्याला ती लागू पडत नाही. कड्याला आग्या मोहळं लटकलेली असतात, तिथे धूर आणि अत्तरं नकोत.

उजेडाचा हिशेब मात्र जरा सविस्तर मांडते, कारण चुकतो तो बहुधा तोच. मुख्य रांगेच्या पूर्वेकडे उतरणाऱ्या वाटांवर सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी डोंगराआड जातो. ऑक्टोबरअखेर सूर्यास्त सहाच्या सुमारास असला, तरी रानात साडेचारलाच सावली दाटते आणि संधिप्रकाश आपल्याकडे अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. त्यामुळे ‘सहापर्यंत उजेड आहे’ हे गणित चौपाटीवर खरं, कारवीत खोटं.

वाटाड्या घेणं हा मला विमा वाटतो. या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कोणती ढोरवाट कुठे संपते हे त्यांना विचारावं लागत नाही. पण वाटाड्या पैसे देऊन नेला आणि त्याला मागे सोडून पुढे धावलं, तर उपयोग काय? त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. शेवटी कोण चालणार ते नाव घेऊन ठरवायचं, आणि प्रत्येक फाट्यावर डोकी मोजायची. त्याच्या मजुरीवरून घासाघीस करणारे लोक पाहिले की मला त्यांच्या बुटांच्या किमती मोठ्याने विचाराव्याशा वाटतात.

आणखी एक. पुढच्या गावात जेवण सांगून ठेवा. कुमशेतला किंवा पाचनईला ज्यांच्या घरी भाकरी टाकायला सांगितली आहे, त्यांना किती माणसं येणार आणि किती वाजता, हे फोनवर कळवा. वेळ टळून गेली की तेच ओसरीवरून डोंगराकडे बघायला लागतात, बॅटऱ्या घेऊन चार पावलं पुढे येतात. त्या रात्री मामा गावात पोचायच्या आतच दोन पोरं वाटेने वर यायला निघाली होती, कारण पिठलं निवत होतं.

आणि रतनगड, खिंड, कुमशेत हे सगळं एका दिवसात कोंबू नका. रतनगड आदल्या दिवशी बघा, रतनवाडीत झोपा, दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच खिंडीच्या वाटेला लागा. दुपारी दोनपर्यंत खिंड आली नाही तर तिथूनच मागे वळा. रतनवाडीत पुन्हा जेवायला मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीरस्त्याने राजूरमार्गे पाचनईला जाऊन हरिश्चंद्रगड करता येतो.