पॅडच्या आत काय असतं?

तायांनो, मुरुडच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "सोयाबीन काढायला गेलं की एकच पॅड दिवसभर चालवते. फुगतंय की, मग कशाला बदलायचं?" म्हणून आज पॅड उघडूनच बघू.

१) वरचा थर मऊ असतो, ओल खाली सोडतो.
२) मधला थर लाकडाच्या लगद्याचा. काही पॅडमध्ये बारीक दाणेही असतात. ते ओल धरून जेलीसारखे फुगतात.
३) खालचा थर प्लास्टिकचा, गळू न देणारा.

करून बघा: पॅडच्या मध्यभागी ३० मिली पाणी दोन मिनिटांत हळूहळू ओता. आयएस ५४०५ या भारतीय मानकातली चाचणी अशाच धर्तीची आहे. खालून किंवा कडेनं झिरपलं, तर तो पॅड कामाचा नाही.

पण रक्तात मीठ असतं, म्हणून दाणे पाण्याइतकं रक्त धरत नाहीत. वर घाम आणि घर्षण, त्यानं कातडी सोलते, खाज सुटते. म्हणून रानात असलात तरी चार ते सहा तासांनी पॅड बदला.

वापरलेला पॅड चुलीत टाकू नका, प्लास्टिकचा धूर होतो. संडासातही नको, तुंबतो. कागदात गुंडाळून वेगळा ठेवा.

८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा पॅड विकायचं काम बचत गटांकडेच दिलं होतं. विकणारीला आतलं माहीत असायलाच हवं. पुढच्या बैठकीला एक पॅड आणि कात्री आणा!