एक दिवस, एक गड

मागच्या डिसेंबरात भाचा, भाचेसून आणि नऊ वर्षांची नात ल्योंहून पुण्याला आले. नाताळाच्या सुट्टीतले मोजून बारा दिवस. गप्पांत भाचा सांगत होता, की फ्रान्समध्ये हिवाळ्यात ते दिवसाला एकच ठिकाण धरतात. पाचला अंधार पडतो. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी बंद, नाताळाच्या दिवशी दोन्ही बंद. म्हणून ल्योंजवळच्या व्हिएन गावी रोमनांचं देऊळ आणि नाट्यगृह पाहायचं ठरलं, की त्या दिवशी फक्त तेच.

मी हसलो. म्हटलं, ''अरे, आमच्याकडे कसला हिवाळा! सह्याद्रीला ना कुलूप, ना सोमवार. एका दिवसात तुला मुळशी, घनगड, तैलबैला आणि कोरीगड दाखवतो.'' त्या वाक्याची किंमत भाचेसुनेच्या घोट्याने मोजली.

आमचा बेत कागदावर देखणा होता. कोथरूडहून पिरंगुट, पौड करत मुळशी धरण. तिथून ताम्हिणीकडे जाताना निवे गावापाशी उजवीकडे वळून पिंपरी, भांबर्डे. भांबर्ड्याजवळच्या एकोल्यातून घनगड. पुढे सालतर, आंबवणे करत पेठ शहापूरला कोरीगड आणि लोणावळ्यावरून घरी. रस्ता खरोखर असाच जातो, त्यात खोट काहीच नव्हती. मी फक्त घड्याळ मोजलं नव्हतं.

सकाळी सहाला निघायचं ते सव्वानऊला निघालो. तारीख २५ डिसेंबर. निम्मं पुणं मुळशीच्या रिसॉर्टांकडे निघालेलं. भूगाव ते पिरंगुट गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. वाटेत मिसळ झाली, मग चहा झाला. धरणाच्या काठी पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते.

चहाच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पाण्याकडे हात करून म्हणाले, ''इथंच बापटांचा सत्याग्रह झाला, पोरी.'' नातीने मला विचारलं, ''आजोबा, कोण बापट? आपल्या सेनापती बापट रस्त्याचे?'' मी म्हणालो, ''हो, हो. चल, फोटो काढ पटकन, उशीर होतोय.''

एकोल्यात पोचायलाच तीन वाजले. वर निघालो साडेतीनला. गारजाईचं देऊळ, पुढे कड्याला टेकून उभी असलेली ती अवाढव्य शिळा, लोखंडी शिडी. वरून समोर तैलबैलाच्या दोन जुळ्या भिंती आणि पलीकडे उतरणारं कोकण पाहून सगळे भान विसरले. साडेपाचला उतरायला लागलो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. डोंगराच्या पूर्वेच्या घळीत अंधार त्याच्याही आधी शिरतो.

भाचेसुनेच्या पायात शहरात फिरायचे गुळगुळीत तळाचे बूट. पावसाळा सरल्यावर वाटेवरचा मुरूम सुटा होतो आणि वाळलेलं गवत तेलासारखं घसरतं. तिचा पाय मुरगळला. दहा मिनिटांत घोटा लिंबाएवढा वर आला. चौघांत मिळून एक मोबाइल जिवंत, त्यावर बारा टक्के चार्जिंग आणि रेंजचा पत्ता नाही. आमच्या हाका ऐकून गावातला एक जण बॅटरी घेऊन वर आला. त्याच्या खांद्यावर हात टाकून ती उतरली. त्याच्या आईने तिळाच्या तेलात हळद गरम करून घोट्यावर बांधली. द्यायला म्हणून मोबाइल काढला, तर पैसे पाठवायला रेंज लागते. आणि खिशात रोख रक्कम शंभर रुपये! त्या माउलीने तेही घेतले नाहीत.

कोरीगड आम्ही गाडीच्या काचेतून पाहिला, एक काळा ढिगारा. लोणावळ्याच्या गर्दीतून घरी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तीन गडांच्या नादात धड एकही झाला नव्हता.

तर आता अनुभवाचे चार शब्द. हिवाळ्याचे दिवस फिरायला उत्तम आहेत. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत हवा स्वच्छ असते, दूरवरचे डोंगर दिसतात. पण दिवस आखूड असतो, हे आधी मान्य करा.

एका दिवशी एकच गड. लहान मुलं आणि ज्येष्ठ असतील तर कोरीगड घ्या. पेठ शहापूरहून झाडीतली वाट आणि पायऱ्या आहेत. वर कोराईदेवीचं देऊळ, दोन तळी, तोफा आणि अजून शाबूत असलेली तटबंदी, तिच्यावरून गडाला फेरी मारता येते. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने हा गड घेतला, हे तटावर बसून सांगा. घनगडाची शिडी ज्यांना झेपेल त्यांनी घनगडासाठी वेगळा दिवस काढावा. तैलबैलाच्या भिंती खालून पाहाव्यात. त्या चढायला दोर आणि जाणकार लागतात.

घरून सहाच्या आत निघा. आमच्यासारखी दुपार कलल्यावर कुठल्याही गडाची चढण सुरू करू नका. शक्यतो २५ डिसेंबर, ३१ डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा.

पकड असलेले बूट, माणशी दोन लिटर पाणी, दोन बॅटऱ्या, क्रेप बँडेज आणि सुट्टे पैसे सोबत हवेतच. नकाशा रेंज असतानाच मोबाइलमध्ये उतरवून घ्या. गाडीची टाकी पौडच्या आधी भरा. गावातल्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तर गरम पिठलं-भाकरी मिळते आणि पैसा गावात राहतो. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा नको. धरणाच्या पाण्यात उतरू नका. काठ शांत दिसला तरी खोली एकदम वाढते.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. निघण्याआधी त्या जागेची गोष्ट वाचून ठेवा. पाय मुरगळला तो महिन्याभरात बरा झाला. नातीचा प्रश्न मात्र टपरीवरच राहिला होता.

मी नंतर बसून वाचलं. मुळशीचं धरण टाटा कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी बांधलं. मुळा-निळेच्या संगमाजवळ पाणी अडवायचं आणि सह्याद्रीतून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रावर सोडायचं, अशी योजना. एरवी भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं ते पाणी आज कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला लोक राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर पाणी येणार होतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. मार, तुरुंग, सगळं झालं. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. बापटांच्या नावामागे 'सेनापती' लागलं ते याच लढ्यामुळे. पुण्यातल्या रस्त्याच्या पाटीवरचा सेनापती कुठल्या लढाईचा, याचं उत्तर त्या दिवशी नातीच्या समोर पसरलेलं होतं आणि मी तिला फोटो काढायला सांगत होतो.

ती गोष्ट मी तिला शेवटी जानेवारीत व्हिडिओ कॉलवर सांगितली. तुम्ही मात्र तुमच्या नातवंडांना ती काठावर उभं राहूनच सांगा. त्यासाठी अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास मिळवायचा असेल तर बेतातला एक गड आधीच खोडून टाका.