वारशात आलेला कॅमेरा : विकण्यापूर्वी मोल कसे ठरवावे?

गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंची कपाटे गेल्या काही वर्षांत उघडली जात आहेत. आधी डिजिटल कॅमेरा आणि मग मोबाइल आल्याने रीळचे काम जवळपास संपले. ज्यांनी हे स्टुडिओ उभे केले ती वडीलधारी मंडळी एकेक करून जगाचा निरोप घेत आहेत. मुलांच्या हाती दुकानाच्या चाव्यांबरोबर चार-सहा कॅमेरे, काही सुट्या लेन्स, एखादा लाइट मीटर आणि निगेटिव्हचे डबे येतात. या मालाचे काय करावे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कोणी भंगारवाल्याला वजनावर देतो, तर कोणी वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचून लाखांच्या खाली बोलायलाच तयार होत नाही आणि कॅमेरा कपाटातच बुरशीने खराब होतो. नुकसान दोन्हीकडे सारखेच आहे.

अशी एक बातमी वाचकांच्या आठवणीत असेल. जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथे लायका कंपनीचा १०५ क्रमांकाचा एक कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. पण तो कॅमेरा होता लायकाचे जनक ऑस्कर बारनाक यांच्या स्वतःच्या वापरातला. कंपनीने बाजारात उतरण्यापूर्वी चाचणीसाठी सुमारे दोन डझनच नग बनवले होते, त्यांपैकी तो एक. ही किंमत जुनेपणाची नव्हती. मोजकेच नग आणि त्यांतल्या एकाचा निश्चित इतिहास, याची ती किंमत होती.

उलट बाजूही पाहावी. कोडॅकचा ब्राउनी हा पेटी कॅमेरा १९०० साली एका डॉलरला निघाला. पुढे त्याचे प्रकार इतक्या प्रचंड संख्येने विकले गेले की आज नव्वद वर्षांचा साधा ब्राउनीही फारसे पैसे देत नाही. आपल्याकडे घरोघर असलेल्या आग्फा क्लिक थ्रीची गत तीच आहे. आठवण म्हणून तो मोलाचा आहे, बाजारात नाही. मात्र १९९७ साली निघालेला ऑलिंपसचा म्यू-टू हा खिशात मावणारा प्लॅस्टिकचा कॅमेरा अशा कित्येक पेटी कॅमेऱ्यांपेक्षा महाग जातो, कारण रीळवर फोटो काढू पाहणाऱ्या आजच्या तरुणांना तोच हवा आहे. ही मागणी खरी आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये रीळचा नवा कॅमेरा बाजारात आणला, तो याच कारणाने. तेव्हा कॅमेऱ्याचे वय विचारून भाव ठरवण्याची सवय प्रथम सोडावी.

भाव ठरतो तो नेमके मॉडेल, त्याची आजची अवस्था आणि घेणाऱ्याची गरज यांवर. यातले मॉडेल ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कॅमेऱ्यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असू शकतो.

स्टुडिओवाल्यांकडे हमखास सापडणारा दोन भिंगांचा कॅमेरा घ्या. त्यावर ‘रोली’ एवढेच वाचून थांबू नये. रोलीफ्लेक्स ही वरची जात आणि रोलीकॉर्ड ही त्याच कारखान्याची स्वस्त जात. रोलीफ्लेक्समध्येही खालच्या लेन्सच्या कड्यावर काय कोरले आहे ते पाहावे, कारण फोटो घेणारी लेन्स खालची असते. टेसार किंवा झेनार असेल तर भाव मध्यम. प्लानार किंवा झेनोटार असेल, विशेषतः २.८ एफ आणि ३.५ एफ या मॉडेलांत, तर भाव बराच वर जातो. जपानच्या याशिकाचेही तसेच आहे. १९७० ते १९८६ या काळात निघालेला याशिका मॅट १२४ जी आजही वापरणाऱ्यांना हवा असतो, तर याशिका-ए हा तीन काचांच्या साध्या लेन्सचा कॅमेरा खूप खाली बसतो. चीनचा सीगल दुरून अगदी रोलीसारखा दिसतो, पण भावात त्याच्या जवळपासही नाही.

नाव आणि नंबर कोठे आहेत हे शोधून कागदावर उतरवावे. बॉडीचा नंबर वेगळा आणि लेन्सचा वेगळा. बऱ्याच नामांकित कंपन्यांच्या नंबरांवरून कॅमेरा कोणत्या वर्षीचा हे कळते. उदाहरणार्थ, १९५४ साली निघालेल्या लायका एम ३ चे नंबर ७००००० पासून सुरू झाले आणि १९५९ च्या निकॉन एफचे ६४००००१ पासून. निकॉन एफचे ६४० ने सुरू होणारे पहिले नंबर संग्राहक शोधत असतात. सुट्या लेन्सकडे दुर्लक्ष करू नये. पुष्कळदा बॉडीपेक्षा लेन्सच महाग निघते, आणि बॉडीबरोबर ‘फुकट’ गेलेली लेन्स हाच घेणाऱ्याचा खरा नफा असतो.

लायकाबाबत जास्त सावध राहावे. सोव्हिएत संघात खारकोव्हला १९३४ पासून फेड आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला १९४८ पासून झोर्की हे कॅमेरे लायकाच्या नमुन्यावर बनत होते. ते स्वतःच्या नावाने चांगले आणि प्रामाणिक कॅमेरे आहेत. मात्र पुढे कोणीतरी त्यांवरचे नाव घासून तेथे लायकाचे नाव कोरले. कधी सोनेरी मुलामा दिला, कधी जर्मन विमानदलाचे चिन्ह उमटवले. असा माल जुन्या बाजारांतून सर्वत्र फिरत असतो. तो ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. लेन्स फिरवून काढावी आणि आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरची छोटी दांडी असते तिचे टोक पाहावे. अस्सल लायकात त्या टोकाला गोल चाक असते, तर फेड-झोर्कीत टोक पाचरीसारखे तिरपे असते. कोरीव काम करणारा वरचे नाव बदलतो, आतली दांडी सहसा बदलत नाही. काळ्या रंगाच्या लायकाबद्दलही हेच लक्षात ठेवावे. कारखान्यातून काळा निघालेला एम ३ दुर्मीळ आहे, मागाहून काळा रंगवलेला नाही.

लाकडी स्टँड कॅमेरे ही आणखी वेगळी गोष्ट आहे. केरळातील अलप्पुझा येथे बनलेले सागवानी वागीश्वरी कॅमेरे एके काळी देशभरच्या स्टुडिओंत होते आणि भारतीय बनावटीचा नमुना म्हणून आज त्यांना जाणकार गिऱ्हाईक मिळते. पण शोभेसाठी नव्याने बनवलेले पितळी-लाकडी कॅमेरेही दुकानांत भरपूर आहेत. त्यांत शटर चालत नाही आणि लेन्सवर बनवणाऱ्याचे नावही बहुधा नसते.

आता अवस्थेकडे येऊ. कॅमेरा उघडण्यापूर्वी आत रीळ आहे का ते पाहावे. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रीळ गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. ताण लागला तर आत रीळ आहे. ते मरहूमांनी काढलेले शेवटचे फोटो असू शकतात. झाकण उघडून ते उजेडात घालवू नयेत. आधी गुंडाळून घ्यावे आणि धुवायला द्यावे.

मग मागचे झाकण उघडून शटर ‘बी’ वर ठेवावे, लेन्सचे छिद्र पूर्ण मोठे करावे, कळ दाबून धरावी आणि समोरून बॅटरीचा उजेड टाकून मागून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, म्हणजेच दुकानदारांच्या भाषेत फंगस. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात चामडी केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. पृष्ठभागावरची बुरशी जाणकार कारागीर साफ करू शकतो. तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहतो आणि भाव पडतो. भाता असलेल्या कॅमेऱ्यात अंधाऱ्या खोलीत आतून बॅटरी लावून घड्यांच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का ते पाहावे. शेवटी शटरचा एक सेकंदाचा वेग लावून कान द्यावा. शटर मध्येच अडकत असेल तर आतले वंगण सुकले आहे. हे काम होण्यासारखे आहे. मात्र जुन्या शटरचा सेल्फ टाइमर चालवून पाहू नये, तो अडकला की सारे शटर अडकते.

या तपासणीनंतर हात आखडता घ्यावा. पितळ चकचकीत करणे, चामड्याला बुटाचे पॉलिश लावणे, अक्षरांत नवा रंग भरणे, यांनी संग्राहकाच्या नजरेत किंमत कमीच होते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी, एवढे पुरे. घड्याळदुरुस्ती करणाऱ्या आमच्या बांधवांना शटरचे यंत्र ओळखीचे वाटेल, तरीही कॅमेऱ्याचे काम केल्याशिवाय त्यात पेचकस घालू नये. खरवडलेला एक स्क्रू पाहिला की दुकानदार भाव उतरवतो. मूळ खोका, केस, झाकण, खरेदीची पावती हे सारे कॅमेऱ्याबरोबरच ठेवावे. वडिलांनी जपून ठेवलेली पन्नास वर्षांपूर्वीची पावती हा त्या नगाचा इतिहास आहे.

भाव काढताना एक फरक कटाक्षाने पाळावा. विकणारा काय मागतो हा भाव नव्हे. त्याच मॉडेलचा, तशाच अवस्थेतला नग खरोखर कितीला गेला, हा भाव. आंतरराष्ट्रीय लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेले सौदे वेगळे पाहता येतात. त्यांतले सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे सोडून मधले पाच-सहा पाहावेत. तोही आकडा जसाच्या तसा आपल्या पदरात पडत नाही. त्यातून कमिशन, पाठवणी आणि जकात वजा होते, आणि तेथला नग बहुधा दुरुस्त करून हमीने विकलेला असतो. म्हणून मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातील दोन-तीन कॅमेरा दुकानदारांकडे वेगवेगळे जाऊन विचारावे. दुकानदार काचेच्या कपाटात लावलेल्या भावाच्या निम्म्याने मागत असेल तर त्याला लगेच लबाड म्हणू नये. त्याला दुरुस्ती करायची आहे, माल महिनोन्‌महिने ठेवायचा आहे, हमी द्यायची आहे. पण तिघांपैकी एकजण इतरांच्या चौथाईवर बोलत असेल तर तेथून उठावे. घेणाऱ्या व्यापाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे की समोर नवऱ्याच्या मागे उरलेला माल घेऊन आलेली बाई असेल आणि तिला वस्तूचे नावही ठाऊक नसेल, तर ते नाव तिला सांगून मग भाव करावा.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. कॅमेरा एकट्याचा नसतो, म्हणून. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वसियत भागल्यावर उरलेल्या सर्व मालमत्तेत तो येतो. समजा, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. कॅमेऱ्यांचा खरा भाव ४०,००० रुपये निघाला. पत्नीचा आठवा हिस्सा ५,००० रुपये. उरलेल्या ३५,००० चे पाच भाग केले की मुलांना प्रत्येकी १४,००० आणि मुलीला ७,००० रुपये मिळतात. आता तोच माल ‘जुने भंगार’ म्हणून २,००० रुपयांना लिहिला आणि थोरल्याने ठेवून घेतला, तर आईच्या वाट्याला २५० आणि बहिणीच्या वाट्याला ३५० रुपये येतात. असे प्रकार बहुधा लबाडीने होत नाहीत, भाव न काढल्याने होतात. म्हणून आधी सर्व वारसांसमोर नावे, नंबर आणि फोटोंसह यादी करावी, मग भाव काढावा आणि त्यानंतरच वाटणी किंवा विक्री करावी. एखाद्या मुलाला वडिलांचा कॅमेरा आठवण म्हणून ठेवायचा असेल तर सर्वांच्या राजीखुशीने त्या भावाने तो त्याच्या हिश्शात धरता येतो.

स्टुडिओच्या निगेटिव्हचे डबे या यादीत बहुधा येतच नाहीत. चांदी काढणारे ते किलोवर मागतात. त्यांत त्या गावाची लग्ने, शाळा, मोहल्ले, मयत माणसांचे चेहरे असतात. काचेच्या प्लेटी असतील तर त्या संग्रहालयाला दाखवल्याशिवाय देऊ नयेत. मात्र गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला हक्क त्या गिऱ्हाइकाचा असतो. प्लेट आपली म्हणून चित्रही आपले, असे धरून चालू नये.

परदेशी गिऱ्हाईक मिळाले तर आणखी एक गोष्ट पाहावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आजोबांच्या वडिलांचा पितळी लेन्सचा लाकडी कॅमेरा असेल तर पार्सल बांधण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून खात्री करून घ्यावी. देशातल्या देशात विकतानाही पावतीवर मॉडेल, बॉडी आणि लेन्सचे नंबर, आढळलेले दोष आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. माल विक्रीसाठी दुकानदाराकडे ठेवायचा असेल तर त्याचे कमिशन किती, कमीत कमी किती किमतीला विकायचे आणि किती दिवसांत परत द्यायचे, हेही त्याच कागदावर यावे.